रखमाजीचा मोतीबिंदू

आळेफाट्याच्या स्टँडवर भिमाजीची गाठ पडली नसती, तर रखमाजीला मोतीबिंदू झालाच नसता. रखमाजी आणि त्याची बायको कुशाबाई नारायणगावच्या एस.टी.ची वाट बघत उभी होती. कुशाबाईच्या हातातल्या पिशवीतून घोंगडीचं टोक, तांब्या आणि टॉवेल असं सगळं एकदमच डोकावत होतं. दवाखान्यात राहायला निघालेलं माणूस लांबूनही ओळखू येतं, आणि भिमाजी तर अगदी शेजारी, पानाच्या टपरीला टेकून उभा होता.

"काय रखमाभाऊ, कुनाला ॲडमिट केलंय?" त्यानं विचारलं.

"मलाच करायचंय."

"आरं द्येवा. काय झालं?"

झालं होतं ते असं, की वर्षभर रखमाजीच्या लघवीनं त्याच्याशी असहकार पुकारला होता. यायची तेव्हा घाईनं यायची आणि तिच्यासाठी आडोसा शोधून उभं राहिलं की पाहुण्यासारखी दारात अडून बसायची. पुण्याहून नारायणगावला येणाऱ्या डॉक्टरनं तपासून सांगितलं होतं, की आतली प्रोस्टेटची गाठ वाढली आहे. उतारवयात पुष्कळ पुरुषांची वाढते, दुर्बिणीतून खरवडून काढली की वाट मोकळी. घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण भर स्टँडवर, आणि तेही भिमाजीला, हे सांगायचं कसं? रखमाजीची जीभ टाळ्याला चिकटली. शेवटी ती सुटली आणि भलतंच बोलून गेली.

"डोळ्याचं हाय. मोतीबिंदू."

"असं व्हय," भिमाजी म्हणाला आणि एकदम गप्प झाला. गप्प बसलेला भिमाजी रखमाजीनं जन्मात पाहिला नव्हता, त्यामुळं त्याच वेळी त्यानं सावध व्हायला हवं होतं. पण गाडी आली, जागा धरायची धांदल झाली आणि ते राहून गेलं.

खिडकीशी बसल्यावर कुशाबाईनं तोंड उघडलं. "अवो, खोटंच बोलायचं व्हतं तर गुडघ्याचं सांगायचं, कंबरेचं सांगायचं. डोळा कशापायी काढला?"

"तोंडात आला."

"तोंडात आला म्हनं. गावात तुमाला मान कशाचा हाय?"

आणि मग मात्र रखमाजी सावध झाला. कारण त्याला गावात मान होता तो डोळ्यांचाच. गावच्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीला घाटाच्या, म्हणजे गाडे पळायच्या चढाच्या, माथ्यावर घड्याळ घेऊन बसणारा पंच म्हणजे रखमाजी. खाली पायथ्याशी झेंडा पडला की त्यानं घड्याळ सुरू करायचं आणि वर निशाणाच्या दोरीला पुढच्या बैलांची नाकं शिवली की बंद करायचं. ज्या बारीचा, म्हणजे गाड्याच्या धावेचा, वेळ सगळ्यांत कमी, ती पहिली, आणि मानाची ढाल वर्षभर तिच्या मालकाच्या घरी. वाऱ्यावर धूळ उडो, भंडारा उडो, रखमाजीला पायथ्याचा झेंडा स्वच्छ दिसायचा. उभ्या पंचक्रोशीत त्याच्या घड्याळावर कुणी शंका घेतली नव्हती. फक्त गेल्या वर्षी भिमाजीची बारी निमिषभरानं मागं पडली, तेव्हा भिमाजीनं पागोटं काढून जमिनीवर आपटलं होतं. ते त्यानं उचललं खरं, पण मनातून ते अजून तिथंच पडलेलं होतं. आणि या वर्षीची यात्रा आता महिन्यावर आली होती.

ऑपरेशन झकास झालं. पाठीत सुई दिली, कंबरेखालचं जग नाहीसं झालं, आणि रखमाजी डॉक्टरांना जागेपणी टोमॅटोचा भाव सांगत असतानाच गाठ निघूनसुद्धा गेली. मग त्याला खाटेवर आणून निजवलं. डोक्यावर पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या टांगल्या होत्या. त्यांतलं पाणी एका नळीनं आत जात होतं, आतली जागा धुऊन दुसऱ्या नळीनं खाली येत होतं आणि खाटेच्या कडेला लावलेल्या पिशवीत पडत होतं. आज ते लालसर होतं. ते स्वच्छ होईपर्यंत बाटल्या थांबवायच्या नाहीत, असा हुकूम होता.

हुकूम नजमुन्निसा सिस्टरचा होता. पुरुषांचा वॉर्ड तिच्याकडं असे. ती जुन्नरची, बोलायला मऊ आणि ऐकायला लावायला कडक. रुबाबदार मिशांची माणसं तिच्यापुढं लंगोटाच्या वयाची होत.

"बाबा, पाणी भरपूर प्यायचं. जोर करायचा नाही. नळीला हात लावायचा नाही. आणि लाजायचं नाही," ती म्हणाली.

"सिस्टर, एक मागू का?" रखमाजीनं आवाज खाली आणला. "डोळ्याला बांधायची एखादी हिरवी पट्टी मिळंल?"

"डोळ्याला काय झालं?"

"काय नाय झालं."

मग त्यानं सगळं सांगितलं. सिस्टर आधी पदराआड हसली, मग खुर्ची ओढून शेजारी बसली. "हे बघा बाबा, तुमचं दुखणं मी कुणाला सांगणार नाही. पेशंटचं दुखणं पेशंटनंच सांगायचं असतं. पण तुमच्यासाठी खोटंही बोलणार नाही. मला कुणी विचारलं तर 'पेशंटलाच विचारा' एवढंच म्हणेन. आणि पट्टी काही मी देणार नाही."

पट्टी शेवटी कुशाबाईनं दिली. तिच्या पिशवीत शिवायला आणलेला हिरवा खण होता, त्याचा एक तुकडा तिनं दातानं फाडला. घाईत काठच हाती आला. त्यामुळं रखमाजीच्या मोतीबिंदूला जरीची किनार लाभली.

आमच्या भागातली माणसं दवाखान्यात एकट्यादुकट्यानं कुणाला बघायला जात नाहीत. आजारी माणसाला जीप भरून भेटायला जाणं ही रीत आहे, आणि न जाणं हे वैर समजलं जातं. वैर मनात असलेली माणसं तर आधी जातात. दुसऱ्याच दिवशी दुपारी भिमाजी चौघांना घेऊन, शहाळी आणि बिस्किटाचे पुडे सांभाळत, वॉर्डात हजर झाला.

"कसं हाय रखमाभाऊ? दिसतंय का?"

"बांधलेल्या डोळ्यानं कसं दिसंल?" कुशाबाई म्हणाली आणि शहाळी घेऊन बाहेर गेली. नवऱ्याचं खोटं ऐकण्यापेक्षा तिला नारळ फोडणं बरं वाटलं.

भिमाजीची नजर वर गेली. "ह्या बाटल्या कशाच्या म्हनायच्या?"

"डोळ्याच्या."

"डोळ्याला एवढं पानी?"

"धुत्यात."

"मग नळी पांघरुणात कुठं गेली?"

रखमाजीनं पांघरूण वर ओढलं. "डोळ्याची शीर पायातनं येती. तितनं धुत्यात."

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. रखमाजीला वाटलं, संपलं. पण भिमाजीनं गंभीरपणे मान डोलावली. "बराबर हाय. डोळ्याची आग झाली तर माझी आई काशाच्या वाटीनं तळपाय घासायची. डोळं निवायचे. आपल्या जुन्या मान्सांना समदं ठावं व्हतं, राव." आणि जुन्या माणसांच्या आठवणीनं भारावून तो खाटेच्या कडेवर मांडी ठोकून बसला.

बसला तो नेमका नळीवर. वरून पाणी येत राहिलं आणि खालची वाट बंद झाली. थोड्या वेळानं रखमाजीच्या ओटीपोटात कळ आली, मग ती वाढली, मग पोट नगाऱ्यासारखं तटतटलं. त्याच्या कपाळावर घाम डवरला. 'ऊठ' म्हणावं, तर का उठायचं ते सांगावं लागलं असतं. तो दात आवळून पडून राहिला.

"रखमाभाऊ, लई दुखतंय का?"

"लई."

"डोळ्याच्या कुठल्या अंगाला?"

"खालच्या," रखमाजी कण्हत म्हणाला.

तेवढ्यात नजमुन्निसा सिस्टर आत आली. तिनं आधी पिशवी पाहिली, मग बाटली पाहिली आणि मग भिमाजीची बैठक पाहिली. "पाहुणे, उठा."

"बसतो की वाईच, बाई. लांबनं आलोय."

"तुम्ही नळीवर बसलाय. उठा आधी." तिनं त्याला दंडाला धरून उभंच केलं, नळी सरळ केली, आणि पिशवीत पाण्याचा लोंढा आला. रखमाजीनं असा सुस्कारा सोडला, की शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही बरं वाटलं.

भिमाजी मात्र वाकून पिशवीकडं बघत होता. "आयला. डोळ्यात एवढं रगत? सिस्टर, एका डोळ्यात एवढं असतं का हो?"

"पेशंटलाच विचारा," सिस्टर म्हणाली आणि शांतपणे नाडी मोजू लागली.

भिमाजी पेशंटकडं वळला. पोट मोकळं झाल्याच्या आनंदात रखमाजीचं डोकं चालेनासं झालं होतं. "एका न्हवं, दोन्ही डोळ्यांचं मिळून हाय," तो म्हणाला.

"म्हंजी दोन्ही डोळं गेले?"

"गेले कशानं? आले की."

"आता आले. म्हंजी आधी गेले व्हते." भिमाजीनं टोपी नीट केली. बिस्किटाचे पुडे उशाशी ठेवून तो इतक्या लगबगीनं निघाला, की बरोबरच्या चौघांना धावत जाऊन त्याला गाठावं लागलं.

त्या संध्याकाळी गावात मारुतीच्या पारावर काय झालं, ते कुशाबाईला दुसऱ्या दिवशी भावजयीनं येऊन सांगितलं. भिमाजीनं पुरावे मांडले आणि गावानं त्यांत भर घातली. गेल्या वर्षी शर्यत चालू असताना रखमाजी दर दोन बाऱ्यांनी घड्याळ दुसऱ्याच्या हाती देऊन करवंदीच्या जाळीमागं जाई. कशाला जाई? डोळ्यात औषध घालायला. रस्त्यानं चालताना मध्येच बाभळीकडं तोंड करून कितीतरी वेळ उभा राही. का राही? वाट दिसत नसे. लग्नाच्या पंगतीतून उठून जाई, कीर्तनातून उठून जाई, एकदा तर सोसायटीच्या सभेत ठराव मांडता मांडता गेला. म्हणजे समोरचं दिसेनासं झालं की माणूस बिचारा लाजून निघून जात होता. सगळं इतकं चपखल बसत होतं, की पारावरच्या काही म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आन्‌ आता?" रखमाजीनं विचारलं.

"आता काय," कुशाबाई म्हणाली. "घड्याळ भिमाजीच्या साडूला द्यायचं म्हनत्यात. कमिटी उद्या हितं येनार हाय. मी म्हनलं व्हतं, गुडघ्याचं सांगा."

रखमाजी भिंतीकडं तोंड करून पडला. गाठ वाढली तेव्हा तो घाबरला नव्हता, पाठीत सुई टोचली तेव्हाही नाही. पण घड्याळ गेलं तर घाटाच्या माथ्यावर आपण कोण म्हणून उभं राहायचं, हे त्याला कळेना. त्याला रडू आलं आणि ते जरीच्या पट्टीनं टिपून घेतलं.

सकाळी पिशवीतलं पाणी स्वच्छ आलं. दवाखान्यातले डॉक्टर बघून गेले आणि सिस्टरनं नळी काढली. "आता खरी परीक्षा. पाणी पीत राहा, फेऱ्या मारा," ती म्हणाली. "लघवी लागली की जायचं आणि कशी झाली ते मला सांगायचं. नीट झाली की घरी. नाही झाली तर नळी पुन्हा."

रखमाजी तांब्यामागून तांब्या रिकामा करत व्हरांड्यात फेऱ्या घालत होता, तोच कमिटी जिना चढून आली. पुढं अध्यक्ष सावळेराम, बोलायला धिमा आणि न्यायाला घट्ट असा वयस्क माणूस. मागं भिमाजी आणि आणखी तिघे. पट्टी बांधायलाही सवड मिळाली नाही. सगळे वॉर्डात खाटेभोवती उभे राहिले.

"रखमाजी," सावळेराम अवघडून म्हणाला, "तू लई वर्सं घड्याळ सांबाळलं. पन आता डोळ्यांनी साथ सोडली, तर कुनाचा इलाज नाय."

"माझे डोळे चांगले हायेत."

"व्हय का?"

"त्या समोरच्या दुकानाची पाटी वाचू का? 'शेतकरी कृषी सेवा केंद्र. आमचे येथे खते, बियाणे व औषधे मिळतील. उधारी बंद आहे.' खाली रंगवणाऱ्याचं नाव पन हाय, ते वाचू का?"

सगळ्यांनी खिडकीतून पाहिलं. पाटी रस्त्यापलीकडं बरीच लांब होती. सावळेराम चकित झाला. भिमाजी मात्र तयार होता. "मानलं डॉक्टरला," तो म्हणाला. "तीन दिसांत एवढा फरक. म्हंजी बगा, आता दिसतंय ते ऑपरेशनमुळं. मग ऑपरेशनच्या आधी काय दिसत व्हतं? गेल्या वर्सीची ढाल चुकीच्या घरी गेली. मी म्हनतो, गेल्या वर्सीचा निकालच रद्द करा."

हे रखमाजीला सोसलं नाही. घड्याळ गेलं असतं तर तो घरी बसून रडला असता. पण त्यानं दिलेला निकाल आंधळ्याचा ठरवायचा? तो उठून उभा राहिला, बोलायला तोंड उघडलं, आणि नेमक्या त्याच वेळी इतक्या तांब्यांनी आपला हिशेब मागितला. तो काही न बोलता कमिटीतून वाट काढत संडासाकडं पळाला.

"बगितलं?" भिमाजी म्हणाला. "असंच. मुद्द्याला आलं की पळतंय."

आत रखमाजी डोळे मिटून उभा राहिला. वर्षभराच्या सवयीनं त्यानं मनातल्या मनात खंडोबाचं नाव घेतलं. आणि नाव पुरतं व्हायच्या आत अशी सरळ, मोकळी, खळाळती धार लागली, की ती आपलीच आहे यावर त्याचा विश्वास बसेना. थोडं चुरचुरलं, पण त्याचं त्याला काही वाटलं नाही. धार थांबेपर्यंत त्याला ऐन तारुण्यातलं काय काय आठवून गेलं. तो बाहेर आला तेव्हा घड्याळ, ढाल, कमिटी, सगळं विसरला होता.

"सिस्टर," तो व्हरांड्याच्या टोकापासून ओरडत आला, "झाली. सरळ झाली. पार भिंतीला लागली बगा."

"वा बाबा. अडखळत नाही ना झाली?"

"मुळीच नाय. पयल्या बारीची बैलं सुटावी तशी सुटली."

मग त्याला कमिटी दिसली. पाचही माणसं तोंड उघडं टाकून त्याच्याकडं बघत होती. रखमाजीनं एकदा सिस्टरकडं पाहिलं, एकदा कुशाबाईकडं पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं की आता लाजायलाही उशीर झाला आहे.

"ऐका," तो म्हणाला. "माझ्या डोळ्याला कवाच काय झालं नव्हतं. लघवी तुंबत व्हती. गाठ वाढली व्हती, ती काढली. करवंदीच्या जाळीमागं मी त्याच्यापायी जात व्हतो. बाभळीकडं तोंड करून उभा राहायचो ते बी त्याच्याचपायी. लाज वाटली म्हनून मोतीबिंदू म्हनलं. बाटल्या डोळ्याच्या नव्हत्या आन्‌ डोळ्याची शीर पायात नसती."

भिमाजीनं शेवटचा प्रयत्न केला. "हे कशावरनं खरं? डोळं लपवाया सांगत असंल."

सावळेरामनं त्याच्याकडं वळून पाहिलं. "भिमाजी, हे लपवाया मानूस डोळ्याचं सांगंल. डोळ्याचं लपवाया हे कोन सांगंल?" आणि रखमाजीच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "घड्याळ तुझंच."

कमिटी जिना उतरून गेली. कुशाबाई सामान बांधत होती. तेवढ्यात भिमाजी टोपी विसरल्याचं निमित्त करून माघारी आला. टोपी त्याच्या डोक्यावरच होती. दाराशी उभा राहून तो हळूच म्हणाला, "रखमाभाऊ, तुला वाट बगत किती उभं ऱ्हावं लागायचं?"

"का रं?"

"सहज. मलाबी जरा ऱ्हावं लागतं."

रखमाजीनं त्याच्याकडं नीट पाहिलं आणि गेल्या वर्षीचं पागोटं त्याला दिसेनासं झालं. "सिस्टरला इचार. भली बाई हाय," तो म्हणाला.

"कुनाला सांगू नको मातर."

"माझ्या तोंडून जायचं नाय."

डॉक्टरनं भिमाजीला तपासलं. त्याचं काम गोळ्यांवर भागण्यासारखं होतं, फक्त अधूनमधून दाखवायला यायचं होतं. एकटं जायची त्याला भीती वाटे, म्हणून रखमाजी आपल्या लुनावर त्याला मागं बसवून नेई. दोघं नारायणगावला डोकं डोक्याला लावून चहा पीत, कुजबुजत, हसत. वाटेत गावचं कुणी दिसलं की भिमाजी तोंड फिरवून घेई. लोकांनी हे पाहिलं, पण तेव्हा कुणी काही बोललं नाही.

ते बोलले यात्रेच्या दिवशी. घाट माणसांनी फुलला होता, भंडाऱ्यानं हवा पिवळी झाली होती आणि रखमाजी माथ्यावर घड्याळ घेऊन, एकदाही न उठता, राजासारखा बसला होता. दुपार कलली तशी भिमाजीची बारी सुटली. बैलं अशी आली, की निशाणाजवळची माणसं आपोआप मागं सरली. रखमाजीनं घड्याळ दाबलं, पाहिलं आणि वेळ सांगितला. सगळ्यांत कमी. भिमाजीला ढाल.

क्षणभर जल्लोष झाला आणि मग दुसऱ्या अंगानं कालवा उठला. "सेटिंग हाय. दोघं मिळालेत," एक गाडामालक ओरडला. "वर्सभर हाडवैर, आन्‌ महिन्याभरात लुनावर डबलसीट? चहा पीत कुजबुजत्यात. आमच्या डोळ्यांनी बगितलंय. काय कुजबुजत व्हते ते सांगा."

सावळेराम माइकजवळ आला. त्यानं विचारलं, "रखमाजी, हे खरं हाय? नारायनगावला तुमी दोघं कशाला जात व्हता?"

रखमाजीच्या तोंडात उत्तर तयार होतं. एका वाक्याचं काम होतं. तो भिमाजीकडं बघत राहिला आणि म्हणाला, "जात व्हतो. पन कशाला ते मी सांगायचा नाय."

"मग घड्याळ खाली ठेवावं लागंल."

रखमाजीनं घड्याळ गळ्यातून काढलं. ते त्यानं टेबलावर ठेवलं आणि तो उठला. कुशाबाई बायकांच्या घोळक्यात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. भिमाजीचं दुखणं तिलाही ठाऊक नव्हतं; सेटिंगचं एवढं मोठं पाप एवढ्या गुपचूप आपल्या नवऱ्याला पचवता येईल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिला त्याचा फार अभिमान वाटला.

भिमाजी ढाल पोटाशी धरून उभा होता. साऱ्या आयुष्यात त्याला मिळवायचं होतं ते हातात आलं होतं. त्यानं ढालीकडं पाहिलं, रखमाजीच्या पाठीकडं पाहिलं, मग ढाल बगलेत मारून तरातरा माइककडं गेला आणि तो सावळेरामच्या हातातून ओढून घेतला.

"ऐका रं समदे," त्याचा आवाज कर्ण्यांतून पार पलीकडच्या शिवारापर्यंत गेला. "ह्यो मानूस मला दवाखान्यात नेत व्हता. मला लघवीचा तरास हाय. रखमाजीला व्हता त्योच. मीच त्याला म्हनलं व्हतं, कुनाला सांगू नको. त्यानं घड्याळ सोडलं पन सांगितलं नाय. आता माझी बारी पुन्हा सोडायची तर सोडा. घड्याळ मातर त्याच्याच हातात द्या."

घाटावरच्या एवढ्या गर्दीत कुणी हसलं नाही. मग गर्दीच्या मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "डॉक्टर कोनच्या वारी येतो म्हनं?"

भिमाजी गोंधळला. माइक हातात होताच. "गुरवारी," तो म्हणाला, आणि गुरुवार सगळ्या घाटाला ऐकू गेला. सावळेरामनं टेबलावरचं घड्याळ उचलून रखमाजीच्या गळ्यात पुन्हा घातलं. बारी पुन्हा सोडायची गोष्ट मग कुणी काढली नाही.

पुढच्या गुरुवारी नारायणगावच्या दवाखान्यासमोर एक जीप येऊन थांबली. तिच्यातून आधी रखमाजी आणि भिमाजी उतरले, मग एकामागून एक फेटे आणि टोप्या उतरू लागल्या. ड्रायव्हरसुद्धा पन्नाशी उलटलेला होता, तोही किल्ली काढून मागं येऊन उभा राहिला. सगळ्यांच्या शेवटी सावळेराम उतरला. नजमुन्निसा सिस्टर पायरीवर आली.

"इतकी माणसं? पेशंट कोण आहे?"

एकानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं. शेवटी अध्यक्ष या नात्यानं सावळेराम पुढं झाला.

"पेशंट असं कुनी नाय, बाई," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "आमी समदे एकमेकाच्या सोबतीला आलोय."

"बरं," सिस्टर हसू दाबत म्हणाली. "मग सोबतीला आलेल्यांनी एकेक करून आत या. आणि संडास डाव्या हाताला आहे."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत निम्मी जीप डावीकडं गेली होती.